डोंगरचा दगड

शिमगा सरून आठ-दहा दिवस झाले की सायकलवाले येऊ लागतात. नाशकाहून, पुण्याहून, अलीकडे संगमनेराहूनही. गाड्यांच्या टपावर बांधलेल्या सायकली ते पहाटेच्या गारव्यात चिंचदऱ्याला उतरवतात, हेल्मेटं चढवतात आणि उंबरवाडीच्या चढाला लागतात. चढ सात मैलांचा. खालचे चार मैल आता डांबरी आहेत, वरचे तीन अजून खडीचे. त्यांना ते तीनच हवे असतात. ऊन तापण्याआधी वर पोचायचं, फोटो काढायचे आणि नऊच्या आत खाली यायचं, असा बेत असतो. त्यांच्यातला एक तरुण माझ्या ओळखीचा आहे. यंदा त्याने एक फोटो पाठवला. शेवटचं वळण, मागे कडा, पुढे आडवी टाकलेली सायकल. खाली ओळ होती : ‘माणसाचा हात न लागलेला रस्ता.’

मुलगा चांगला आहे. त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. पण ती ओळ वाचल्यापासून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही, हे खरं. त्या रस्त्यावरचा प्रत्येक दगड हातांनी उचललेला आहे, हातांनी फोडलेला आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे तो कुठून उचलला हे मला माहीत आहे. माहीत असूनही मी एकदा ते चुकीचं छापलं, मग बरोबर छापलं, आणि मग ते बरोबर छापलेलं चूक होतं असंही छापलं. या तीन मजकुरांमध्ये एक उन्हाळा गेला. सन त्र्याहत्तरचा, बहात्तरच्या दुष्काळाच्या शेपटाचा.

तेव्हा मी नगर जिल्ह्यातल्या अकोले गावी राहून नगरच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. पाकिटं एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती जात. नाव कधी छापून येत नसे. वर ‘आमच्या वार्ताहराकडून’ असं असे आणि त्याखाली मजकूर. ही पद्धत मला आवडायची. लिहिणारा दिसत नाही, फक्त घडलेलं दिसतं, असं तेव्हा वाटायचं.

उंबरवाडीला पहिल्यांदा गेलो तो फाल्गुनच्या अखेरीला. एसटीच्या टपावरून सायकल उतरवली तेव्हा कंडक्टर म्हणाला, “वर न्हेताय? खांद्यावर न्या. खडी टाकलीय, दाबली न्हाई.” खडीचा रस्ता दाबायला रोलर लागतो आणि खडीवर मारायला पाणी लागतं. रोलरला चढ झेपत नव्हता आणि पाणी तर माणसांनाच नव्हतं. म्हणून खडी नुसती पसरली होती. कागदावर रस्ता पुढे सरकत होता आणि जमिनीवर खडीची सैल गादी.

सैल खडीवर सायकल चालवणं म्हणजे चालवणं नव्हेच. पुढचं चाक आपल्या मर्जीनं डावी-उजवी घेतं. पायडल मारलं की मागचं चाक जागीच फिरून खडी मागे उडवतं, आणि कुणीतरी करकरा दात खावेत तसा आवाज येतो. ताज्या फोडलेल्या खडीला पात्यासारखी धार असते. पहिल्या मैलात एक पंक्चर, तिसऱ्यात दुसरं. ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधायची सोय नव्हती, गालाजवळ धरून हवा कुठून लागते ते पाहायचं. उपाय एकच होता. रस्त्याच्या दरीकडच्या कडेला पाट्या वाहणाऱ्या बायकांच्या पायांनी वीतभर रुंदीची वाट पडली होती, तेवढी दबलेली. चाक तिच्यात ठेवायचं. समोरून पाटी घेऊन बाई आली की उतरायचं, कारण तिला थांबणं परवडत नसे.

“सायकल तुमाला न्हेती का तुमी सायकलीला?” एकीने विचारलं.

“गाढव घ्या, दादा,” मागची म्हणाली. “सोताच्या पायानं तरी चढतं.”

हसणं पुढच्या वळणापर्यंत ऐकू येत होतं. दोन वर्षं पाऊस नाही, भाकरी रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीची, दुपारी कामावर वाटलेल्या सुकडीची मूठ, आणि तरी त्या हसत होत्या, असं मी वहीत लिहिलं. मला ते वाक्य फार आवडलं होतं. आज ते वाचलं की स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

वरच्या तीन मैलांत दुष्काळी कामाची गँग बसली होती. उंबरवाडीची सगळी माणसं. बायका दगडाभोवती जुन्या टायरचं कडं धरून दगडावर सुतकी, म्हणजे हातोडा, मारत, म्हणजे तुकडे डोळ्यांत उडत नाहीत. बोटांना चिंध्या. शेजारी खडीचे चौकोनी ढीग, मापाला तयार; मजुरी मापावर. मुकादम किसन हा खालच्या गावचा, तरतरीत, खिशाला पेन लावणारा माणूस. त्याने मला एका ढिगापासून दुसऱ्या ढिगापर्यंत फिरवलं.

“लिवा साहेब, जिल्ह्यात एक नंबर वाडी,” तो म्हणाला. “बाकी कामांवर माप भरत न्हाई. हितं जास्त भरतं.”

“सुरुंगाची दारू आली का इथे?”

“कुठली दारू! हातानं डोंगर फोडत्यात.”

मी ढिगाजवळ बसून एक तुकडा हातात घेतला. त्याच्या तीन बाजू निळसर, नुकत्या फुटलेल्या होत्या. चौथी काळी, खरबरीत, तिच्यावर दगडफुलाचे पांढरे ठिपके. दुसरा तुकडा घेतला, तोही तसाच. डोंगराच्या पोटातून काढलेला दगड सगळ्या बाजूंनी निळा असतो, हे त्या भागातल्या पोरालाही कळतं. वहीत मी दोन शब्द लिहिले : ‘दगड जुना?’ आणि पुढे प्रश्नचिन्ह. ती वही अजून आहे. प्रश्नचिन्ह ठळक आहे. मी प्रश्न विचारला मात्र नाही, कारण चार वाजता खालची एसटी होती.

‘उंबरवाडीने डोंगर फोडला’ असा मथळा आला. ही पहिली चूक.

बातमीत महत्त्वाचं आधी सांगायचं अशी आमची शिस्त. त्या शिस्तीने त्याच वर्षीच्या पावसाळ्यात काय झालं ते इथेच सांगून टाकतो. पाऊस आला, आणि भरपूर आला. उंबरवाडीची शेतं डोंगराच्या अंगावर पायऱ्यांसारखी होती. प्रत्येक पायरीच्या तोंडाला ताल, म्हणजे चुन्याशिवाय नुसता दगडावर दगड रचून केलेला बांध. ताल माती अडवते आणि पाणी फटींतून सोडते. ज्या शेतांच्या ताली उरल्या नव्हत्या त्यांची माती चार दिवसांत उतरली. उतरून रस्त्यावर आली. खडीच्या फटी मातीने भरल्या, आणि मातीबरोबर आलेल्या दाण्यांतून श्रावणात रस्त्यावर नाचणी उगवली. शेतात खडक आणि रस्त्यावर नाचणी. वाडीतल्या लोकांनी ती खुरपली, राखली आणि कापलीसुद्धा. त्या वर्षी त्या रस्त्यावरून एकही गाडी वर गेली नाही, ही एवढी एकच गोष्ट त्यांच्या पथ्यावर पडली. खात्याच्या नकाशात तो रस्ता तेव्हा ‘पूर्ण’ होता.

आता पुन्हा मागे, वैशाखात. दुसऱ्यांदा मी गेलो तो बातमीचा परिणाम पाहायला, असं म्हणायला हरकत नाही. परिणाम झाला होता. माझं कात्रण मुकादमाच्या खोपटाच्या कुडाला चिकटवलेलं होतं. दुसऱ्या कामांवरचे मुकादम आपल्या गँगला उंबरवाडीचा दाखला देत होते. आणि खुद्द उंबरवाडीचं आठवड्याचं माप वाढवलं होतं. जी वाडी डोंगर फोडू शकते ती आणखी फोडू शकेल, असा हिशेब कुणीतरी खुर्चीत बसून केला होता. माप भरलं नाही तर गँग मोडायची आणि माणसं दिवसभराच्या चालीवर असलेल्या तलावाच्या कामावर पाठवायची, असा दम होता. गँग मोडली की म्हातारी माणसं आणि उरलीसुरली जनावरं वाडीत एकटी.

शेवटच्या वळणाच्या अलीकडे एक बाई रस्त्यात आडवी उभी होती. चाळिशीची, उंच, पदर खोचलेला. मी सायकलवरून उतरलो.

“तुमीच का ते पेपरवालं?”

“हो.”

“डोंगर फोडला म्हनून तुमीच लिवलं?”

“हो.”

“या मग. डोंगर दावते.”

तिचं नाव ठकूबाई. नवरा भागा फाल्गुनापासूनच त्या लांबच्या तलावाच्या कामावर होता. दीर लहानू वाडीतला वडीलधारा, गँगचा पुढारी. शेत एकच, शेवटच्या वळणाच्या अगदी डोक्यावर. तिने मला उताराला उभं केलं आणि हात केला. शेतं उघडी पडली होती. तालींच्या जागी मातीच्या उभ्या कडा, हाताने स्पर्श केला की पिठासारख्या ओघळणाऱ्या. काही ठिकाणी पायाचे दगडसुद्धा उपसलेले, तिथे नुसते चर. त्या सगळ्या उघड्या उतारावर एकच ताल उभी होती. तिची. छातीइतकी उंच, वीसेक पावलं लांब, मधे थोडं पोट आलेली.

डोंगरचा दगड पहारीला दाद देत नव्हता. सुरुंग नव्हता. सुतक्या बोथट व्हायच्या आणि पाजवून आणायला लोहार तळात. ताल मात्र समोर होती. दगड डोक्याच्या मापाचे, एका सुतकीत चार तुकडे होणारे, डोक्यावर घेऊन शंभर पावलांत ढिगावर. किसनने नुसतं बोट दाखवलं होतं. बाकीचं वाडीनेच आपापसात बोलून ठरवलं.

“तुम्ही सांगितलं नाही त्यांना?” मी विचारलं.

“मी काय सांगू? म्हनत्यात, पाऊसच न्हाई तर ताल कशाला? ताल काय चाटायची? म्हनत्यात, रस्ता झाला की टरक येतील. टरकात घालून दगड आनू, पुन्ना रचू.” ती खाली वाकली आणि तालीतला एक सुटलेला दगड हाताच्या टाचेने आत ढकलला. “ह्यातली निम्मी माती सासूनं वड्यातनं डोक्यावर वाहिली. निम्मी मी. टरक आनंल का ती?”

हा प्रश्न मी वहीत जसाच्या तसा उतरवला. तिने ते पाहिलं.

मजकूर मी लांब लिहिला. ताल म्हणजे काय, ती कशी रचतात, एक ताल उभी राहायला किती पिढ्या लागतात. नगरहून चिठ्ठी आली : ‘ताल’ शहरी वाचकाला कळणार नाही, थोडक्यात द्या. छापून आल्या बारा ओळी. तरी त्यांत मुद्दा होता. शेतांचे बांध मोडून खडी होत आहे, आणि ठकूबाई नावाच्या एका शेतकरी स्त्रीने आपला बांध मोडू देण्यास नकार दिला आहे. मला समाधान वाटलं. बातमी बरोबर होती. नाव, ठिकाण, कारण, सगळं तपासलेलं.

आठवड्याच्या आत चौकशी आली. तिसऱ्यांदा वर गेलो तो त्या चौकशीसाठी. जीप चौथ्या मैलापर्यंत आली, पुढे चौकशीचे साहेब चालत आले, घामाघूम आणि चिडलेले. उंबराखाली बाज टाकली होती. वाडी समोर बसली, बायका एका अंगाला. किसन उभा. मीही उभा, सायकल धरून.

साहेबांनी बारा ओळी वाचून दाखवल्या. मग विचारलं, “कुणाच्या शेताची ताल काढली? ज्याची काढली त्याने हात वर करा.”

कुणी हलेना. कोंबडी तेवढी बाजेखालून पलीकडे गेली.

“शेतातला दगड वापरला असेल तर ती खडी मापात धरता येणार नाही,” साहेब म्हणाले. “झालेलं सगळं माप रद्द. काम बंद करावं लागेल. म्हणून नीट आठवून सांगा.”

असा प्रश्न असतो. त्यातच उत्तर बांधून दिलेलं असतं. पुढच्या नोकरीत मी असे पुष्कळ ऐकले, पण त्या उंबराखालच्याइतका सफाईदार एकही नाही. साहेबांच्या पाठीमागे, बाजेवरून मान वळवली असती तर दिसला असता इतक्या जवळ, तो सगळा उघडा उतार होता. त्यांनी मान वळवली नाही.

लहानू उठला. टोपी काढून हातात घेतली. “न्हाई साहेब. डोंगरचा दगड हाय.”

“सगळा?”

“सगळा.”

एकामागून एक बारा-पंधरा माणसांनी तेच सांगितलं. जबाबावर अंगठे उठले. शेवटी साहेबांनी बायकांकडे पाहिलं. “ठकूबाई कोण? बाई, तुमच्याबद्दल पेपरात आलंय.”

ठकूबाई उठली. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही.

“पेपरात लई काय काय येतं, साहेब,” ती म्हणाली. “डोंगरचा दगड हाय.”

सगळे हसले. साहेब सगळ्यांत मोठ्याने. त्यांनी रुमालाने मान पुसली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “वार्ताहर, जरा जपून लिहीत जा.”

जीपपर्यंत साहेबांना पोचवायला माणसं गेली तेव्हा मी तिला पाण्याच्या झिऱ्यापाशी गाठलं. ती वाटीने पाणी हंड्यात भरत होती. झिऱ्यात एक वाटी साठायला जितका वेळ लागे तितकं थांबून बोलत होती.

“तुम्ही खोटं सांगितलंत.”

“व्हय.”

“तुमच्याच बाजूने लिहिलं होतं.”

“लिवताना इचारलं हुतं का, लिवू का म्हनून? माझं नाव घालू का म्हनून?” वाटी हंड्यात रिकामी झाली. “गँग मोडली असती तर माझी ताल घेऊन बसले असते एकलीच. लोकांनी तोंडात श्यान घातलं असतं. तुमी येनार हुता का हितं भाकरी थापायला?”

  तेव्हा मला तिचा राग आला होता हे नोंदवलं पाहिजे. खरं छापणाऱ्याला खोटं पाडल्याचा राग. त्या रागाचा पत्ता चुकला होता हे कळायला फार दिवस लागले. ज्या टेबलावर ‘शेतातला दगड मापात धरता येणार नाही’ हा नियम आणि ‘माप भरलं नाही तर गँग मोडा’ हा नियम असे दोन कागद शेजारीशेजारी ठेवले होते, तिथे तो जायला हवा होता. ते कागद ठेवणाऱ्याला दोन्हींपैकी एकही खोटा वाटत नव्हता. एकीकडे हात स्वच्छ, दुसरीकडे काम वेगात. मधे वाडी.

त्या संध्याकाळी वाडीने ठकूबाईला शब्द दिला. शब्द कसा, तर बेलभंडार उचलून. खंडोबाच्या टाकापुढे बेलाचं पान आणि भंडार हातात घेऊन लहानूने आणि गँगच्या सगळ्या कर्त्या माणसांनी सांगितलं की ठकूबाईने वाडी राखली, वाडी तिची ताल राखील. त्या मुलखात कोर्टातली शपथ मोडता येते, बेलभंडाराची मोडत नाहीत. माझ्यासमोर उचलला. मी तो छापला नाही, कारण छापण्यासारखी ती बातमी नव्हती. छापला तो खुलासा. ‘दि. अमुकच्या अंकातील वृत्त वस्तुस्थितीला धरून नसल्याचे चौकशीत निष्पन्न झाले आहे.’ मसुदा मीच लिहिला. एकही शब्द बदलावा लागला नाही, असं संपादकांनी कौतुकाने कळवलं.

सायकलवाल्या तरुणाला मी हे एकदा थोडक्यात सांगितलं. तो मन लावून ऐकत होता. मग म्हणाला, “पण काका, रस्ता तर झालाच ना? लोकांनी मिळून केला. किती पॉझिटिव्ह आहे हे.” एका सरकारी पुस्तिकेतही पुढे अशाच अर्थाचं वाचलं, लोकांच्या सहभागाबद्दल. सहभाग. वाघाच्या जेवणात शेळीचा असतो तसा. मला चांगलं मोजूनमापून लिहायची सवय आहे, विशेषणं मी खोडतो. पण या एका शब्दापुढे सगळी खोडलेली विशेषणं परत आणून ठेवावीशी वाटतात.

आणि ऋतूचं म्हणाल तर तोही दरवर्षी तसाच येतो, लाज नसल्यासारखा. सकाळी अंगावर घ्यावंसं वाटणारं ऊन, करवंदीच्या जाळ्यांचा मंद वास, काटेसावरीखाली पडलेली जाड फुलं, लांबवर हिरड्याच्या झाडात एखादा तांबट पक्षी ठोके देणारा. तांबटाचा तो एकसुरी टोक टोक आवाज पुष्कळांना आवडतो. मला सुतक्या ऐकू येतात. त्या उन्हाळ्यात ते दोन्ही आवाज एकाच वेळी चालत आणि कुठला कुठला ते ओळखू येत नसे.

शेवटची खेप ज्येष्ठाच्या सुरुवातीची. रस्ता पाहायला मोठे पाहुणे येणार होते, दुसऱ्याच दिवशी. त्याआधी एक नजर टाकावी म्हणून निघालो. चिंचदऱ्याला एसटीतून उतरलो तर धान्याच्या दुकानापाशी ठकूबाई. पहाटे उतरून आली होती, मिलोचं पोतं घेऊन परत निघाली होती. माझ्याशी बोलेल असं वाटलं नव्हतं. पण तिने सायकलच्या कॅरियरकडे पाहिलं.

“लादू का?”

“लादा.”

पोतं काथ्याने बांधलं. बसून जाणं शक्यच नव्हतं. मी हँडल धरून ओढत होतो, ती मागून ढकलत होती. सैल खडीत चाकं रुतत. प्रत्येक वळणावर दम घ्यायला थांबत होतो.

“हवा भरली का नीट?” ती विचारायची. “फुस्स व्हईल, आन् पोतं माझ्याच डोक्यावर.”

“भरलीय.”

“मागं बी तुमी तपासूनच लिवलं हुतं.”

ती हसली. मीही हसलो. मग ती आपण होऊन बोलायला लागली. पावसाची चिन्हं दिसतायत. मुंग्यांनी अंडी हलवलीत. भागाचा निरोप आलाय, मृगाला परततो म्हणून. तालीला मधे पोट आलंय तेवढं काढून दोन रांगा नव्याने बसवायच्या. दगड तिने निवडून ठेवलेत. वाडीतल्या बाकीच्यांनी निदान मातीच्या कडांना काट्याकुट्यांचे आडोसे लावावेत असं ती सांगतेय, कुणी ऐकत नाही.

“पहिल्या वर्साला माझंच पिकंल,” ती म्हणाली. “मग बी मागायला माझ्याच दारात येतील. देईन. न्हाई कशी म्हनू?”

सहाव्या मैलापासून सुतक्यांचा आवाज यायला लागला. दुपारी गँग सुटलेली असते, त्या दिवशी सुटली नव्हती. ती थोडी झपाझप चालू लागली. मग पोतं ढकलायचं सोडून पुढे झाली.

शेवटच्या वळणाच्या डोक्यावर ताल नव्हती.

पायाचा चर होता, त्यात ओली नसूनही गार दिसणारी काळी माती. वर शेताची कड, ताजी कापल्यासारखी. खाली रस्त्यावर दगडांचा ढीग, अर्धा फुटलेला. भोवती सहा-सात बायका, सगळ्यांत जवळ तिची जाऊ सोनाबाई. सोनाबाईने मान वर केली नाही. सुतकी मात्र चुकली, एकदा, टायरच्या कड्यावर बसली.

किसन पुढे आला. “ठकूबाई, ढिगाला नाव तुमचंच लावलंय, मजुरी तुमालाच. मी सांगितलं, दुसऱ्या कुनाचं लावायचं न्हाई.”

तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लहानूकडे पाहिलं. तो दगडावर बसला होता, पहार आडवी मांडीवर.

“भंडार उचलला हुता, भावजी.”

“व्हय.”

“हाताला लागलाय अजून.”

“देवाला दंड भरू,” लहानू म्हणाला.  “देव थांबतो, ठकू. पाव्हनं न्हाई थांबत. उद्या माप हाय. चार हात रस्ता कमी पडत हुता.”

ती चराच्या कडेला उकिडवी बसली. चरात हात घालून तिने एक दगड काढला, पायाचा, इतरांच्या हातून राहून गेलेला. तो मांडीवर ठेवून माती पुसली. मला वाटलं ती तो मारेल कुणाला तरी. मला ते हवं होतं. किसनला मारला असता तर मी बातमी केली असती, लहानूला मारला असता तर समजून घेतलं असतं, मला मारला असता तर उभा राहिलो असतो. मी पुढे होऊन म्हणालो, या वेळी सगळं लिहितो, बेलभंडारासकट, पाहुण्यांच्या हातात अंक पडेल असं बघतो.

“पुरा न्हाई झाला ढीग,” ती म्हणाली. माझ्याशी नाही, ढिगाशीच बोलल्यासारखं. “अर्धाच ऱ्हायला तर तालबी गेली आन् गँगबी जाईल.”

ती उठली. दगड घेऊन खाली रस्त्यावर आली. सोनाबाईच्या शेजारी जागा नव्हती, सोनाबाई न बघता सरकली. ठकूबाईने पदराची चिंधी फाडून बोटांना गुंडाळली, कोणाची तरी सुतकी ओढून घेतली, दगडाभोवती टायरचं कडं नीट बसवलं. मी अजून तिथेच उभा होतो, मिलोचं पोतं लादलेली सायकल ढिगाला टेकवून.

“सायकल काढा, भाऊ,” ती म्हणाली. “दगडावर उभी हाय.”